कंसातले जर-तर

महसूल खात्यात ‘नमुना’ या शब्दाला जेवढे वजन आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाला असेल. तलाठ्याच्या दप्तरात एक ते एकवीस असे गाव नमुने असतात. सातवा नमुना जमीन कोणाची आणि कोणत्या अटीवर ते सांगतो, बारावा तिच्यात काय पिकले ते. दोन्ही एका कागदावर आले आणि लोकांनी त्याला ‘सातबारा’ हे सुटसुटीत नाव दिले. सहावा नमुना फेरफाराचा, आठ-अ खातेदाराचा. आमच्या मुरबाड-शहापूर भागात शाळेचे तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्यालाही हे आकडे पाठ असतात, कारण घरातले बरेचसे वाद याच आकड्यांवर येऊन थांबतात.

नमुना म्हणजे कोरा कागद नव्हे आणि भरलेला दस्तही नव्हे. त्यात काही मजकूर कायमचा असतो. काही जागा भरण्यासाठी रिकाम्या असतात. आणि काही मजकूर असा असतो, की अमुक गोष्ट असेल तरच तो यायचा, नसेल तर यायचा नाही. या लेखात मला त्या तिसऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे नमुन्यातल्या ‘जर-तर’विषयी लिहायचे आहे.

वेबपानांच्या नमुन्याला ‘टेम्प्लेट’ म्हणतात. ती बनवणाऱ्यांत गेली तीस वर्षे एक वाद चालू आहे. पानातले हे जर-तर टॅगच्या, म्हणजे कंसातल्या खुणांच्या भाषेत लिहावे, की पानात सरळ प्रोग्राम घालून मोकळे व्हावे? वरवर पाहता हा कारागिरांचा आपसातला वाद आहे. मी संगणकशास्त्र रीतसर शिकलेलो नाही. जुने महसुली कागद वाचता वाचता, पुढे पुस्तकांवरून वेबपाने बनवायला शिकता शिकता या वादापाशी पोहोचलो. मला तो कारागिरीपेक्षा दप्तराचा वाद वाटतो. अट कुठे लिहिलेली आहे, ती कोणाला वाचता येते आणि ती बदलली तर कोणाला कळते, एवढाच त्याचा गाभा आहे. म्हणून सुरुवात दप्तरापासूनच करतो.

मायन्याची शिस्त

मराठीत अटींचा नमुना सर्वांच्या परिचयाचा आहे, तो म्हणजे पत्राचा मायना. वडिलांना ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’. स्त्रीचा नवरा हयात असेल तर ‘सौभाग्यवती’, नसेल तर ‘गंगाभागीरथी’. हे सारे जर-तरच आहेत. कारकुनाने लिहिण्याची रीत शिकवणारी जी जुनी मेस्तके आहेत, त्यांतही कोणाला कसे लिहावे, या भेदाला मोठे स्थान होते.

या पद्धतीत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, प्रत्येक शक्यतेला स्वतःचा शब्द आहे. अमुक नसेल तर जागा कोरी सोडा, असे मायना सांगत नाही. दुसरी, अट लिहिणाऱ्याला जेवढी ठाऊक, तेवढीच वाचणाऱ्यालाही ठाऊक. ‘गं. भा.’ ही दोन अक्षरे पाहिली की लिहिणाऱ्याने कोणती वाट धरली ते कळायचे. अर्थात अट उघड असली म्हणजे ती न्याय्य असते असे नाही. याच दोन अक्षरांनी विधवेचे दुःख तिच्या नावावर कायमचे गोंदून ठेवले. पण अट उघड होती, म्हणूनच तिच्याविरुद्ध बोलताही आले आणि ती अक्षरे हळूहळू कागदावरून गेलीही. न दिसणाऱ्या अटीशी भांडता येत नाही.

खोडणे, कंस आणि निरंक

छापील अर्ज आले आणि जर-तर एका ठरावीक वाक्यात सामावले: ‘लागू नसेल ते खोडावे’. विवाहित/अविवाहित, मालक/कूळ, होय/नाही. छापखाना सगळ्या शक्यता छापून ठेवी आणि भरणारा नको ती खोडी. खोडलेले अक्षर रेघेखालून वाचता येई. म्हणजे कागदावर निर्णय दिसे आणि नाकारलेला पर्यायही दिसे.

तलाठ्याच्या हस्तलिखित सातबाऱ्यात याहून बारीक खुणा होत्या. खातेदार वारला किंवा त्याने जमीन विकली, की त्याचे नाव पुसत नसत, त्याला कंस करत. ‘नावाला कंस झाला’ हा आमच्याकडे बोलीतला शब्दप्रयोग आहे. कंसातले नाव आता चालू नाही, पण होते, हे त्यातून समजे. नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिलेला असे. त्या क्रमांकाने सहाव्या नमुन्यात गेले, की बदल का झाला, केव्हा झाला आणि कोणी प्रमाणित केला, ते सापडे. धारक अज्ञान असेल तर ‘अ.पा.क.’ लिहून पालनकर्त्याचे नाव, एकत्र कुटुंबाच्या वतीने कर्ता असेल तर ‘ए.कु.मॅ.’. ही तलाठ्याची खुणांची भाषाच होती. मजकूर तोच राहतो आणि भोवतीची खूण त्याची अवस्था सांगते. वेबच्या भाषेत यालाच ‘मार्कअप’ म्हणतात. फरक एवढाच, की तलाठ्याचे मार्कअप वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राही.

आणि एक शब्द होता ‘निरंक’. सरकारी मराठीत हा शब्द रोजचा आहे. बोजा नसेल, हरकत आलेली नसेल, शिल्लक नसेल, तर रकाना कोरा सोडायचा नाही, ‘निरंक’ लिहायचे. कोऱ्या रकान्याचे दोन अर्थ होतात: काही नाही, किंवा कोणी पाहिलेच नाही. ‘निरंक’ लिहिले की पाहिले आणि काही नाही, असा एकच अर्थ उरतो. पुढे संगणकाच्या जर-तरविषयी जे सांगायचे आहे, त्यातले निम्मे या एका शब्दात आहे.

आमच्या भागात या अटी किती जड आहेत तेही सांगितले पाहिजे. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या जमिनी इथे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले कलम ३६ आणि १९७४ च्या सुधारणेने आलेले ३६अ यांनुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चे बंधन असते. संहितेच्या कलम २९ प्रमाणे भोगवटादार वर्ग १ चा की हस्तांतरणावर निर्बंध असलेल्या वर्ग २ चा, हेही ठरते. या सगळ्याची खूण सातबाऱ्यावर उमटते ती एखाद-दुसऱ्या ओळीत, बहुधा ‘इतर हक्क’ या रकान्यात. ती ओळ आहे की नाही, यावर जमीन राहते किंवा जाते.

पानात शिरलेला ‘जर’

आता वेबकडे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत वेब उभारले तेव्हा पानासाठी जी भाषा घेतली, त्या एचटीएमएलचे मूळ एसजीएमएल या खुणांच्या भाषेत होते. १९८६ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि तिच्याही मुळाशी आयबीएममध्ये १९६९ पासून झालेले काम होते. या परंपरेचा आग्रह असा, की मजकुराला तो काय आहे हे सांगणारी खूण करावी. त्याचे पुढे काय करायचे, ते दुसरीकडे ठरेल. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. त्यामुळे एचटीएमएलमध्ये ‘जर’ नव्हताच. पान सगळ्यांना सारखे दिसे.

पण पानाने माणूस पाहून बोलावे, ही गरज लगेच निर्माण झाली. कागदाच्या नमुन्यात रिकामी जागा माणूस भरतो, इथे ती यंत्राने भरायची होती. रास्मुस लेरडॉर्फ यांनी स्वतःची माहिती देणारे पान कोण पाहते ते मोजण्यासाठी काही छोटे प्रोग्राम लिहिले आणि १९९५ मध्ये ते खुले केले. त्यातून पीएचपी ही भाषा वाढली. तिच्या अगदी सुरुवातीच्या एका रूपात प्रोग्रामचा मजकूर एचटीएमएलच्या टिपांच्या खुणांमध्ये लिहावा लागे. ब्राउझर टीप दाखवत नाही, म्हणून तिच्यात ‘जर’ लपवायचा. वेबपानात शिरलेला ‘जर’ असा समासातून आत आला.

त्याच वर्षी जे. जे. आणि जेरेमी अलेअर या भावांचे कोल्डफ्यूजन आले. त्यांनी दुसरी वाट धरली. ज्याला टॅग लिहिता येतात त्याला अटही टॅगनेच लिहिता यावी, म्हणून त्यांनी ‘जर’चाच टॅग केला आणि ‘नाहीतर’चाही. पुढच्या वर्षाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टचे एएसपी आले. त्यात टक्केचिन्ह असलेल्या कंसांत सरळ प्रोग्राम लिहायचा. १९९९ मध्ये सन कंपनीच्या जेएसपीनेही तीच पद्धत घेतली. दोन पक्ष इथून स्पष्ट झाले.

वाचकांना फरक दिसावा म्हणून मी मराठीत एक काल्पनिक उदाहरण देतो. टॅगवाला असे लिहील:

<जर धारक="अनुसूचित जमाती">
हस्तांतरणास पूर्वपरवानगी आवश्यक
</जर>

प्रोग्रामवाला असे लिहील:

<% जर (वर्ग == २ आणि आज - खरेदी > १० वर्षे) { %>
...
<% } %>

पहिले उदाहरण अव्वल कारकुनाला वाचता येईल, त्यातली चूकही दाखवता येईल. दुसऱ्यात ताकद जास्त आहे. कायदा खरोखरच असा गुंतागुंतीचा असतो. कलम ४३ चेच पाहा. २०१४ च्या सुधारणेने खरेदीला दहा वर्षे झाली असतील आणि आकाराच्या चाळीस पट नजराणा भरला असेल, तर विक्रीसाठी पूर्वपरवानगीची गरज राहिली नाही. शिवाय घेणारा शेतकरी असला पाहिजे, कमाल धारणेची मर्यादा आणि तुकडेबंदी सांभाळली पाहिजे. अशी अटीत अट लिहायला टॅग तोकडे पडतात. पण प्रोग्राम पानात घातला, की तो पसरत जातो. थोड्याच वर्षांत वेबपाने अशी झाली, की मजकूर कुठे संपतो आणि हिशेब कुठे सुरू होतो ते लिहिणाऱ्यालाही उमगेना. पानाची मांडणी करणारा त्याला हात लावायला भिऊ लागला.

‘नाहीतर’ कुठे गेले?

याची प्रतिक्रिया म्हणून टॅगवाल्यांनी पुन्हा उचल खाल्ली. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने एक्सएसएलटी ही भाषा प्रसिद्ध केली, तिच्यात अटीसुद्धा टॅगच होत्या. जेएसपीसाठीही २००२ मध्ये टॅगचा प्रमाणित संच आला. या दोन्हींत एक विलक्षण साम्य आहे: त्यांच्या ‘जर’ला ‘नाहीतर’ नाही. कारण रचनेतच आहे. टॅग उघडतो आणि मिटतो, मधला मजकूर त्याच्या ताब्यात. अट खरी ठरली तर तो मजकूर छापायचा, खोटी ठरली तर गाळायचा. दुसरा मजकूर मांडायला त्याच्या पोटात जागाच नाही. ‘नाहीतर’ हवे असेल तर ‘निवडा’, ‘असेल तेव्हा’, ‘अन्यथा’ असे तीन वेगळे टॅग वापरावे लागतात.

काम लवकर उरकायचे तर माणूस सोपा टॅग वापरणार. मग अट खोटी ठरली की पानावर काहीच उमटत नाही. रेघ नाही, कंस नाही, निरंक नाही. छापील अर्जावर नाकारलेला पर्याय खोडलेला का होईना दिसत होता. इथे तो होता हेच वाचणाऱ्याला कळत नाही. ब्राउझरमध्ये पानाचा मूळ मजकूर उघडून पाहिला तरी अट सापडत नाही, कारण सर्व्हरने ती पान पाठवण्याआधीच गिळलेली असते. टॅग असो की प्रोग्राम, या बाबतीत दोघेही सारखेच.

पुढच्या काळात काही जाणत्यांनी या रिकाम्या जागेचा विचार केला. २००४ मध्ये टेरेन्स पार या अमेरिकन प्राध्यापकाने एका निबंधात मांडले, की नमुन्यात हिशेब करूच नये. नमुन्याने फक्त एवढे विचारावे: ही गोष्ट आहे, की नाही? बाकी सगळे आधी ठरवून त्याच्या हाती द्यावे. २००९ मध्ये ख्रिस वॉनस्ट्रॅथ यांनी बनवलेले ‘मस्टॅश’ याच विचाराचे. त्यातला महिरपी कंस आडवा पाहिला तर मिशीसारखा दिसतो, म्हणून हे नाव. त्यात ‘असेल तर’ची एक खूण आहे आणि तिच्या जोडीला खास ‘नसेल तर’ची दुसरी. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्रात तयार होऊन २००५ मध्ये बाहेर आलेल्या जँगोमध्ये तर यादी छापणाऱ्या टॅगला ‘यादी रिकामी असेल तर हे छापा’ असा उपटॅगच मिळाला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा आपला ‘निरंक’च परदेशातून फिरून आल्यासारखे वाटले. बातमीचे पान बनवणाऱ्यांना कोरी जागा खपत नाही, दप्तराच्या कारकुनालाही खपत नव्हती.

वाद मात्र मिटला नाही. २०१३ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट आणले आणि बाजू उलटवली. टॅगमध्ये प्रोग्राम नव्हे, तर प्रोग्राममध्येच टॅग लिहायचे. आज अनेक वेबपाने तशी बनतात.

फेरफार कशाचा?

हे सगळे मुरबाडला येऊन पोहोचले ते सातबाऱ्याच्या रूपाने. हस्तलिखित उतारा गेला, संगणकाचा आला. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. धसई, टोकावडे, किन्हवली, डोळखांबच्या माणसाला तलाठ्याची वाट पाहत दिवस मोडण्याची गरज उरली नाही. हा फायदा मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

२०२० मध्ये सातव्या नमुन्याची मांडणी बदलली. या बदलांपैकी मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते दोन, ज्यांची चर्चा फारशी झाली नाही. एक, जमिनीवर फेरफार प्रलंबित नसेल तर तो प्रलंबित नाही, असे आता स्पष्ट छापले जाते. दोन, जमीन अकृषक झाली असेल तर बारावा नमुना नुसता गाळला जात नाही. त्याची आवश्यकता का नाही, ते सांगणारी सूचना येते. म्हणजे ‘जर’ला ‘नाहीतर’ मिळाले. नमुना करणाऱ्यांनी दप्तराची जुनी शिस्त ओळखून परत आणली. कमी झालेल्या नावांना आणि बोजांना कंसाऐवजी आडवी रेघ आली. तीही खोडलेले वाचता येण्याच्या जुन्या रीतीला धरूनच.

तरी एक गोष्ट राहते. कागदावरची अट नोंद होताना एकदाच तपासली जाई आणि मग शाईत राही. वेबपानातली अट उतारा निघेल त्या प्रत्येक वेळी नव्याने तपासली जाते. माहिती बदलली तर सहाव्या नमुन्यात फेरफार होतो. कलम १५० प्रमाणे संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. पण माहिती तीच राहिली आणि नमुन्यातली अट बदलली तर? दोन उताऱ्यांत एका ओळीचा फरक पडू शकतो, आणि त्या फरकाला फेरफार क्रमांक नसेल. सातबारा हाती घेऊन उभ्या असलेल्या कातकरी बाईला ‘इतर हक्क’च्या रकान्यात जे दिसत नाही, ते तिच्या जमिनीला लागूच नाही की नमुन्याने छापलेच नाही, हे कसे समजणार?

म्हणून टॅग की प्रोग्राम, या वादात मी एका बाजूला उभा राहतो, पण कारागिराच्या कारणासाठी नाही. हक्काचा कागद बनवणाऱ्या नमुन्यातली अट अशा रूपात असावी, की ती तलाठ्याला वाचता येईल, वकिलाला वाचता येईल आणि चावडीवर मोठ्याने वाचून दाखवता येईल. टॅग त्याच्या जवळ जातात, पानातला प्रोग्राम दूर. हिशेब कितीही गुंतागुंतीचा असो, तो मागे होऊ द्या. पानावर येताना मात्र ‘आहे’ किंवा ‘निरंक’ यांपैकी एक शब्द आलाच पाहिजे.

आणि अटींनाही फेरफार असावा. कोणत्या कलमासाठी कोणती ओळ छापली जाते, याचा एक तक्ता करणे अवघड नाही. तो बदलला की त्याला क्रमांक आणि तारीख द्यावी, शासन निर्णयासारखा तो प्रसिद्ध करावा आणि चावडीवर लावावा. सातबाऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक आता छापला जातोच. त्याच्या खाली या तक्त्याचा क्रमांक छापायला एक ओळ पुरेल. मग बँकेत, कोर्टात किंवा भावकीच्या वाटणीत दोन तारखांचे दोन उतारे समोरासमोर आले आणि एकावरची ओळ दुसऱ्यावर नसली, तर ती जमिनीच्या फेरफाराने गेली की नमुन्याच्या, हे तिथल्या तिथे सांगता येईल.